मागील भागात, आत्याच्या मते

तिला भाऊ नव्हता. त्यामुळे तिला आत्या म्हणायचा खरा हक्क जगात कुणालाच नव्हता, आणि तरीही दोन सेट, तीन मेकअप खोल्या, संकलनाचा अख्खा मजला आणि गेटवरचे पहारेकरी धरून शंभरेक माणसं तिला आत्याच म्हणत. हे नाव तिनं स्वतःच्याच तोंडानं ओढवून घेतलं होतं. कथेच्या बैठकीत लेखकमंडळींना ‘समजा’ची भारी हौस. समजा, नायिकेला ते पत्र मिळालंच नसतं तर? समजा, थोरला दीर त्या दिवशी घरीच थांबला असता तर? ती हातातल्या कागदावरून मान वर न काढता म्हणायची, “आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. पुढे चला.” वर्षभरात लेखक तिला आधी पाठीमागे आणि मग तोंडावर आत्याबाई म्हणू लागले. त्यातली ‘बाई’ वापरून वापरून झिजली आणि आत्या तेवढी उरली.

कार्यकारी निर्माती म्हणजे नेमकी कोण, हे तिच्या सासूबाईंना अठरा वर्षांत उमगलं नव्हतं. लिहितेस का? नाही. मग दिग्दर्शन? तेही नाही. मालकीण आहेस? छे. मग दिवसभर करतेस तरी काय? नवऱ्यानं एकदा आईला समजावून सांगितलं होतं, की अगं, लग्नघरात एक मावशी असते बघ, नवरी नाही, नवरीची आई नाही, पण सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला. ती ही. सासूबाईंनी विचार करून विचारलं होतं, मग फोटोत का नसते? नवरा हवामान खात्यात होता. घरातल्या वादळांचा त्याचा अंदाज नेहमी बरोबर यायचा, फक्त तारीख चुकायची. त्या दिवशी तारीखही बरोबर आली, आणि संध्याकाळभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

सुरुवात तिनं नाटकाच्या विंगेत केली होती. हातात संहिता, कान रंगमंचाकडे, आणि नट अडखळला की पुढचा शब्द इतक्या हळू सोडायचा की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. सगळ्यांची वाक्यं पाठ आणि आपलं एकही नाही, हे शिक्षण तिथलं. मग मालिकेत आली ती टिपणं ठेवायला: कालच्या दृश्यात कप उजव्या हातात होता की डाव्या, कॉलरचं बटण लावलेलं होतं की उघडं. मग संहितांची जुळवाजुळव, आणि चौतिसाव्या वर्षी कार्यकारी निर्माती. तेव्हापासून अठरा वर्षांत, सध्याची सोडून, आठ मालिका, आणि त्यातली एकही तिनं संपवली नाही. म्हणजे त्या बंद पडल्या. मालिका संपत नसते, ती मरते, आणि मरायच्या आधी चार दिवस कळवतात. गुरुवारी प्रेक्षकांचे आकडे येतात, शुक्रवारी फोन येतो, की आवरा. मग त्या चार दिवसांत दोन लग्नं लावायची, खलनायिकेला पश्चात्ताप करवायचा, हरवलेला मुलगा विमानानं आणायचा आणि सगळ्यांना घरातल्या जिन्यावर उभं करून हसवायचं. आठ कुटुंबं तिनं अशी जिन्यावर सोडून दिली होती. एकदा तरी अशी गोष्ट हातात यावी, की जिचा शेवट आधी लिहिलाय आणि जी तिथे जाऊनच थांबते, एवढी एकच इच्छा तिनं बावन्नाव्या वर्षापर्यंत कुणाला न सांगता सांभाळली होती.

धंद्यात तिचं नाव होतं ते मात्र भलत्याच कारणासाठी. रोजच्या भागाच्या आधी चाळीस सेकंद ‘मागील भागात’ दाखवतात ना, ते कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. इतर ठिकाणी ते काम संकलकाच्या मदतनिसाकडे असे. आत्या स्वतः बसायची. काल काय घडलं यापेक्षा काल काय घडलं असं लोकांना वाटलं पाहिजे, हे तिथे ठरतं, असं ती म्हणायची. एकदा एका थोरल्या सुनेबद्दल लोकांना फार माया वाटू लागली, आणि गोष्टीला तर ती खाष्ट हवी होती. आत्यानं काय केलं? सासू रडते तो शॉट घेतला, आणि त्याच्या मागे सुनेचं मंद हसू लावलं. ते हसू खरं होतं, त्याच भागातलं होतं, फक्त ती दुधावर ताव मारणाऱ्या मांजराकडे बघून हसली होती. चार दिवसांत लोक त्या नटीला बाजारात टोमणे मारायला लागले. आत्याचा नियम एकच होता आणि तो ती नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायची: एकही चित्र खोटं घालायचं नाही. लबाडी करायला खोटं लागत नाही, कात्री पुरते.

हा नियम तिनं टाचणीलाही सांगितला होता.

टाचणी तेरा वर्षांपूर्वी आली तेव्हा बावीसची होती, अंगानं तशीच, आणि खांद्याला लावलेल्या पिशवीत टाचण्यांची डबी. सुधारलेली पानं मूळ संहितेला टाचून ठेवायची तिची पद्धत, म्हणून हे नाव. अकरा वर्षं ती आत्याच्या हाताखाली होती. कामाला वाघ, बोलायला मऊ, आणि विसरभोळेपणा औषधालाही नाही. दोन वर्षांपूर्वी वाहिनीनं तिला स्वतःची मालिका दिली. आत्याची रात्री आठची, टाचणीची नऊची. सेट एकाच आवारात, मध्ये एक बोळ.

तिथपासून आत्याचं दुखणं सुरू झालं. ते सांगण्यासारखं नव्हतं, त्यामुळे बरं होण्यासारखंही नव्हतं.

टाचणीच्या खोलीला खिडकी होती. टाचणीचे लेखक बैठकीत हसत, आणि भिंत पातळ असल्यानं ते हसणं आत्याच्या लेखकांनाही ऐकू येई. टाचणीचं काम साडेसहाला संपे, तिचे नट पाठांतर करून येत, आणि गेटवरचा पहारेकरी, जो आत्याची मालिका सुरू झाली त्या दिवसापासून गेटवर होता, तो टाचणीच्या मालिकेचं गाणं गुणगुणत असे. टाचणीचे केस कानाशी पांढरे व्हायला लागले होते आणि ते तिला शोभत होते. आत्याला ते नुसते आले होते. दर गुरुवारी आकड्यांचा कागद आला की आत्या आधी नऊची ओळ वाचायची आणि मग आपली. सासूबाई तर रात्री आठ वाजता कानातलं यंत्र काढून डबीत ठेवत आणि नऊला पुन्हा लावत. सेल वाचवायचे म्हणे. आणि या सगळ्यावर मीठ म्हणजे टाचणीच्या मुलाखती. जिथे जाईल तिथे सांगणार, मला सगळं आत्यांनी शिकवलं. असल्या कृतज्ञतेला तोंड कुठून द्यायचं? शिवी दिली असती तर उलट देता आली असती.

अशात एका मंगळवारी दुपारी वाहिनीच्या प्रमुखांनी तिला बोलावलं. त्या हुद्द्यावर बाई आल्यापासून सगळा धंदा त्यांना पाठीमागे ‘वहिनी’ म्हणत असे. वाहिनीची ती वहिनी, एवढाच विनोद, पण टिकला. वहिनींना येऊन दीड वर्ष झालं होतं. जुनी माणसं त्यांना कागदावरून ठाऊक होती, आणि कागदावर नाही ते विचारायला त्या लाजत नसत.

टेबलावर एक जाड चोपडी होती. वहिनींनी ती आत्याकडे सरकवली आणि सांगितलं, की सव्वीस भाग आहेत, सगळे लिहून तयार. सत्ताविसावा मागितला तरी मिळणार नाही, वरून तसंच ठरलंय. आत्यानं शेवटचं पान उघडलं. खरंच तिथे शेवट होता. एका बंद पडलेल्या शाळेची शिपाईण शेवटची घंटा देते आणि घंटेची दोरी सोडून घरी जायला निघते. जिना नव्हता, हसणारं कुटुंब नव्हतं. आत्यानं चोपडी मिटली खरी, पण हात तिच्यावरच राहिला.

“दोन नावं आहेत,” वहिनी म्हणाल्या. “दुसरं मी सांगत नाही. पहिलं टाचणीचं. तिला तुम्ही अकरा वर्षं पाहिलंय. माणसं धरून ठेवेल ना ती?”

दुसरं नाव कुणाचं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. नाहीतर चोपडी तिच्याकडे सरकवली कशाला असती?

“हुशार आहे,” आत्या म्हणाली. “त्यात वादच नाही. मनानं जरा हळवी. वाहिनीकडून आलेली पानं तिनं एकदा भर बैठकीत फाडली होती. संकलनाच्या खोलीत मी तिला दोनदा रडताना पाहिलंय. आणि एकदा सेट सोडून निघून गेली होती, सुधारलेली पानं बरोबर घेऊन. साठ माणसं साडेतीन तास बसून राहिली. अहवालात आहे ते.” मग मायेनं म्हणाली, “पण जुनी गोष्ट आहे. सोडून द्या.”

सोडून द्या म्हटलेलं कुणी सोडत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं. चाळीस सेकंदसुद्धा लागले नव्हते.

त्यातली पहिली दोन चित्रं नियमातली होती. पानं फाडली होती हे खरं. त्यात एका पांगळ्या पोराला हशासाठी थप्पड मारायची होती, आणि आत्यानंच टेबलाखालून टाचणीला पायानं खूण केली होती, की फाड. रडलीही दोनदा होती. एकदा वडील आजारी होते म्हणून, आणि दुसऱ्यांदा म्हाताऱ्या नटाची दाढी संवाद म्हणता म्हणता चहात पडली तेव्हा, हसून हसून. हे झालं कात्रीचं काम. तिसरं चित्र मात्र खोटं होतं.

आठ वर्षांपूर्वी त्या दिवशी सेट सोडून गेली होती ती आत्या. दुसऱ्या एका वाहिनीनं भेटायला बोलावलं होतं, तेरा भागांची मालिका होती, शेवटासकट. आपल्या वाहिनीला कळतं तर नोकरी गेली असती. तिनं टाचणीला सांगितलं, कुणी विचारलं तर संकलनात आहे म्हण, आणि सकाळी अकराला मागच्या दारानं निघाली. साडेअकराला लेखकाकडून सुधारलेली पानं आली. कार्यकारी निर्मातीची सही नसेल तर सुधारलेलं पान चित्रित करायचं नाही, हा नियम, आणि सही तिकडे दुसऱ्या वाहिनीच्या सोफ्यावर बसलेली. सगळे बसून राहिले. नायिका चिडून घरी गेली. नेमका वाहिनीचा माणूस पाहणीला आला. आत्या तीनला परतली, ती तेरा भागही न मिळवता, कारण त्यांना कुणीतरी तरुण हवं होतं. तोवर टाचणीनं दिवसाच्या अहवालात स्वतःच्या अक्षरात लिहून टाकलं होतं: सही झालेली पानं माझ्याकडे होती, मी खासगी कामासाठी न सांगता बाहेर गेले. आत्यानं पानांवर मागाहून सही केली. टाचणीला पंधरा दिवस घरी बसवलं. तेव्हा ती आत्याला म्हणाली होती, “तुमची गेली असती तर कायमची गेली असती. माझी पंधरा दिवस जाईल.” आणि आत्या म्हणाली होती, “बरं केलंस.” आभार मानायचे राहून गेले, मग फार दिवस झाले, मग मानणं विचित्र दिसलं असतं.

सोमवारी सकाळी वहिनींचा फोन आला. सव्वीस भाग आत्याचे.

ती खुर्चीतून उठली, पुन्हा बसली. हात नेमका कशाला लावावा कळेना म्हणून तिनं टेबलावरचे सगळे पेन एका दिशेला तोंड करून ठेवले. अठरा वर्षांनी मिळालं होतं. वहिनी अजून बोलत होत्या. त्यांनी जुना अहवाल मागवून पाहिला होता, तिनं सांगितलं तसंच निघालं. मग त्यांनी टाचणीला बोलावून तोंडावर विचारलं होतं.

“काय म्हणाली?” आत्यानं विचारलं. उत्तर तिच्याकडे तयार होतं. टाचणी नाकारील, आत्याचं नाव घेईल, आणि आपण म्हणायचं, की बघा, हळवी आहे म्हटलं होतं ना.

“म्हणाली, हो, गेले होते, चूक झाली. एक सबब नाही सांगितली हो,” वहिनी म्हणाल्या. “मुलगी खरी आहे. मलाच वाईट वाटलं.”

फोन ठेवला तेव्हा आत्याचा आनंद नासलेल्या दुधासारखा फुटला होता, पाणी एकीकडे, चोथा एकीकडे. वहिनींसमोर उभी राहून ते म्हणतानाचा टाचणीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. कसा असेल? शांत असणार. मान किंचित खाली. आवाज न चढवता, बरोबर जागा घेऊन. हे वाक्य असंच म्हणायचं असतं, आणि ते म्हणायला मिळालं होतं तिला. आत्याला खिडकीचा हेवा वाटला होता, आकड्यांचा, पांढऱ्या केसांचासुद्धा. पण त्या सगळ्याची सवय होती. हा नवाच होता आणि आधीच्या सगळ्यांच्या वरताण होता.

दुपारी टाचणी स्वतःच बोळ ओलांडून आली. दारात उभी राहून म्हणाली, “अभिनंदन, आत्या. शेवट लिहिलेली मिळाली तुम्हाला.”

“तुला कुणी सांगितलं?”

“इथे एका सेटवर शिंक आली की दुसऱ्या सेटवर रुमाल निघतात.” ती आत येऊन बसली. आत्यानं चहाचं विचारलं, तिनं नको म्हटलं. थोडा वेळ दोघी आठच्या मालिकेतल्या नव्या जावेबद्दल बोलल्या. पोरगी बरी आहे पण संवाद गिळते, यावर दोघींचं एकमत झालं. मग आत्याला राहवलं नाही.

“हो का म्हणालीस तू?”

टाचणीनं पिशवीतली डबी काढून उघडली, बंद केली. “नाही म्हणाले असते तर काय झालं असतं? कागदावर अक्षर माझं आहे. म्हणजे आठ वर्षांपूर्वी मी खोटं लिहिलं, असं ठरलं असतं. तेव्हाही मीच, आताही मीच. कुणीकडून गेलं तरी मीच.”

“माझं नाव सांगायचंस.”

“तोंडापर्यंत आलं होतं.” ती हसली, आणि तेरा वर्षांत पहिल्यांदाच ते हसू आत्याला मऊ वाटलं नाही. “मग म्हटलं, आत्यांनी मागचं इतकं सुबक कापलंय, उगाच आपला एक शॉट कशाला घुसडा.”

ती उठली. जाताना तिनं दार ओढून घेतलं, अगदी हलक्या हातानं, कडीसुद्धा वाजू न देता. आपटलं असतं तर आत्याला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नवऱ्यानं तिची बातमी ऐकली आणि तिचं तोंड पाहिलं. हे दोन्ही एकाच बाईचं आहे असं त्याला वाटेना. सासूबाई यंत्र डबीत ठेवून शांतपणे जेवत होत्या. आत्यानं सगळं सांगून टाकलं, मागच्या दारापासून बोळापर्यंत. भांडी गोळा करताना त्यानं विचारलं, “तुला त्रास कशाचा होतोय? तू खोटं बोललीस त्याचा, की ती खरी ठरली त्याचा?”

तिनं आपलं ताट त्याच्याकडे सरकवलं. “ती खरी ठरली त्याचा.”

“मग अवघड आहे,” तो म्हणाला. “खोट्यावर उपाय असतो.”

ती आतल्या खोलीत जाऊन कपाटासमोर उगाच उभी राहिली. सव्वीस भाग होतील. चांगले होतील, ती ते वाईट होऊ देणार नव्हती. बक्षिसंही मिळतील. आणि रोज बोळात टाचणी भेटेल, नमस्कार करील, आणि तिच्या पिशवीत टाचण्यांच्या डबीशेजारी आणखी एक गोष्ट असेल: मी आत्यांसाठी दोनदा गप्प बसले. तिला ती कधी बाहेर काढावी लागणार नाही. नुसती असली तरी पुरे. गुरुवारचा कुठला आकडा त्याच्यापुढे टिकणार होता? एवढं मोठं देणं आपण आपल्या हातानं त्या पोरीच्या पदरात घातलं, याचा तिला असा काही संताप आला की तिनं कपाटाचं दार आपटलं, आणि बाहेरून सासूबाईंनी विचारलं, नऊ वाजले का.

वाजले नव्हते. पण आत्याचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती वहिनींसमोर बसली आणि तिनं आठ वर्षांपूर्वीचा तो दिवस सांगितला. किती वाजता निघाले, कुठल्या दारानं, तिकडे कोण भेटलं, काय विचारलं, परत आले तेव्हा अहवालावरची शाई वाळली होती की ओली. वाळली होती. पंधरा मिनिटं लागली. पानं का फाडली, टेबलाखालचा पाय, दाढी, चहा, सगळं आलं. दाढीपाशी वहिनी हसल्या आणि मग हसल्याचं त्यांनाच बरं वाटलं नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, “हे आज का सांगताय? मालिका तुम्हाला मिळाली होती.”

मनाला टोचणी लागली, झोप येईना, असं काहीतरी म्हणता आलं असतं. ऐकायला बरं वाटलं असतं. आत्यानं ते वाक्य मनात म्हणून पाहिलं आणि खोडून टाकलं.

“मला तिचा हेवा वाटतो म्हणून.”

“हेवा वाटतो म्हणून तिचं भलं करताय?”

“भलं नाही करत. ती माझ्यावर उपकार करून बसलीय, ते परत करतेय. तिच्याकडे बाकी सगळं आहे. हे तरी तिच्याकडे नको.”

दीड वर्षात वहिनींनी पुष्कळ माणसांचा पश्चात्ताप पाहिला होता. हा त्यातला नव्हता, हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी धीर दिला नाही आणि त्या रागेही भरल्या नाहीत. त्यांनी चोपडी आपल्याकडे ओढून घेतली. ही आता तुमच्याकडे राहणार नाही, म्हणाल्या. आठच्या मालिकेचं काय करायचं ते वर विचारावं लागेल, जुना का होईना, खोटा अहवाल आहे. आत्या म्हणाली, विचारा.

“आणि ही तिला देऊ?”

प्रश्न साधा होता. मान हलवली की झालं असतं, आणि मान हलत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे घंटेची दोरी सोडणारी ती शिपाईण आली, आणि ती शिपाईण टाचणीच्या सेटवर, खिडकीच्या उजेडात, बरोबर साडेसहाच्या आत, एका झटक्यात चित्रित होताना तिला दिसली. चांगलं होणार होतं ते.

“द्या,” ती म्हणाली. “फक्त एक. शेवट दिसायला लागला की तिला धीर धरवत नाही, मग ती घाई करते. सोळाव्या-सतराव्या भागापाशी होईल बघा. तिथे तिच्या शेजारी कुणीतरी बसवा.”

हे खरं होतं. टाचणीचा हा एकच दोष, आणि तो अकरा वर्षांत फक्त आत्याच्याच लक्षात आला होता.

वहिनींनी पेन उचललं. “कुणाला बसवू?”

“ते मला विचारू नका. मी कुणाचंही नाव घेईन आणि त्यात माझा काहीतरी डाव असेल.”

वहिनींनी नाव लिहिलं नाही, पण सूचना लिहून घेतली: सोळावा-सतरावा, घाई. आत्यानं ती टेबलाच्या पलीकडून उलटी वाचली. पर्स खांद्याला लावून ती दारापर्यंत गेली, थांबली, आणि परत आली.

“सोळावा नको,” ती म्हणाली. “सोळावा ती नीट करील. सतरावाच लिहा.”